केरळच्या सहलीतून काय गाळावे?

प्रश्न : येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पती-पत्नी, शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असे पाच जण केरळला जाणार आहोत. कोची, मुन्नार, ठेक्कडी, अलप्पी, तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारी असा सात दिवसांचा कार्यक्रम एका सहल कंपनीने आखून दिला आहे. सासूबाईंना गुडघेदुखीचा त्रास आहे आणि आम्ही सारे शाकाहारी आहोत. हा कार्यक्रम आम्हाला झेपेल का? त्या काळात तिथे पाऊस असतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नकाशावर ही ठिकाणे एकमेकांना खेटून दिसतात, पण कोची ते मुन्नार हे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर कापायला चार तासांहून अधिक वेळ लागतो, कारण नेरियामंगलमनंतर जो घाट सुरू होतो तो थेट मुन्नारपर्यंत सोडत नाही. मुन्नारहून ठेक्कडी आणि ठेक्कडीहून खाली अलप्पी हेही असेच वळणावळणाचे रस्ते आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा हे तासन्‌तास पाय दुमडून बसणेच अधिक नडेल. त्यामुळे आपल्या कार्यक्रमातील निम्मी नावे खोडावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले नाव ठेक्कडीचे. तेथील नौकाविहार १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाच्या जलाशयात होतो. दिवाळीच्या सुमारास जंगलात जागोजागी पाणी असल्याने हत्ती-गव्यांना काठावर येण्याची गरजच उरत नाही. ते दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात अधिक. कन्याकुमारी गाळताना मात्र मराठी माणसाला जड जाते, कारण १९७० साली उभे राहिलेले तेथील विवेकानंद शिलास्मारक एकनाथजी रानडे यांच्या चिकाटीचे फळ आहे. तरीही तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी आणि मदुराई अशी वेगळी सहल आखल्यास त्या जागेला अधिक न्याय मिळेल. यंदा कोचीत दोन, मुन्नारला दोन आणि अलप्पीला एक असे मुक्काम ठेवावेत. उरलेले दिवस प्रवासासाठी हाताशी राहतील.

पावसाविषयी बोलायचे तर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळात ईशान्य मोसमी पाऊस असतो. तो जून-जुलैसारखा दिवसभर कोसळत नाही. बहुधा सकाळ स्वच्छ असते, दुपारनंतर ढग दाटतात आणि विजांच्या कडकडाटासह सर येते. म्हणून मुन्नारमधील चहाचे मळे आणि इरविकुलम उद्यान दुपारच्या जेवणाआधी उरकावे. सहल नाताळपर्यंत लांबवल्यास हवा उत्तम मिळेल, पण दर चढे असतील. शिवाय नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाच्या यात्रेमुळे कोट्टयमकडे जाणाऱ्या गाड्या आणि रस्ते यात्रेकरूंनी भरलेले असतात.

अलप्पीच्या मुक्कामासाठी हाउसबोट ठरवताना तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. वातानुकूलन दिवसभर चालते की फक्त रात्री? अनेक बोटींवर ते रात्री नऊच्या सुमारास सुरू होते आणि दमट दुपारी ज्येष्ठांचे हाल होतात. झोपण्याची खोली खालच्या मजल्यावर आहे का? आणि धक्क्यावरून बोटीत चढताना पायरी किती उंच आहे? बोट दुपारी निघते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधली जाते, कारण त्यानंतर मच्छीमार पाण्यात जाळी टाकतात. रात्रभर विहार होईल या समजुतीत राहू नये. एवढा खर्च नको असल्यास राज्य जलवाहतूक खात्याच्या अलप्पी-कोट्टयम बोटीने जावे. भाडे अगदी किरकोळ आहे, आणि कुट्टनाडमधील समुद्रसपाटीखालची भातशेती, शाळेला निघालेली मुले व भाजी घेऊन घरी परतणाऱ्या बायका त्याच बाकावरून दिसतात. मला विचाराल तर हीच सफर अधिक खरी.

शाकाहाराची चिंता नसावी. अप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू, पुट्टू-कडला, अवियल हे पदार्थ सर्वत्र मिळतात. खोबरेल तेलाचा वास मात्र पहिल्या दिवशी जाणवेल. जेवताना पुढ्यात गुलाबी रंगाचे कोमट पाणी आले तर दचकू नये. ते पतिमुगम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेले असते आणि पोटाला निर्धोक असते.

नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने थेट एर्नाकुलमला जाता येते. कोकण रेल्वेचा हा प्रवास एका दिवसाहून अधिक वेळ घेतो, म्हणून जाताना रेल्वे आणि परतताना विमान हे उत्तम. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. ज्येष्ठांसाठी खालचे बर्थ हवे असतील तर त्याच दिवशी सकाळी काढावे.

प्रश्न : पद्मनाभस्वामी मंदिरात पँट घालून जाता येते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. पुरुषांनी मुंडू किंवा धोतर नेसावे आणि अंगावर सदरा ठेवू नये. स्त्रियांनी साडी नेसावी. पंजाबी ड्रेस असल्यास त्यावरून मुंडू गुंडाळावा लागतो. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि दुपारी मंदिर बंद असते, म्हणून सकाळीच जावे.