कुत्र्याची दृष्टी जात असेल तर त्याला घरी कसे सांभाळावे?

आपल्या नऊ वर्षांच्या कुत्र्याला दिसेनासे होत आहे, तो बाजेला आणि दाराला धडकतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी त्याला कायमचे झोपवावे असे सुचवतात, असे आपण लिहिले आहे. चोपडा तालुक्यातील आमच्या शेतावरच्या घरी शेरू नावाचा लॅब्रॅडॉर आहे. तो पूर्ण आंधळा होऊन तीन वर्षे झाली, तरी संध्याकाळची भाकरी यायला उशीर झाला की तो भुंकून घर डोक्यावर घेतो. त्यामुळे केवळ दिसत नाही म्हणून तो निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आंधळेपण आणि दुखणे यांत फरक करावा. डोळा लाल झाला असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, कुत्रा पापणी मिटून धरत असेल किंवा डोक्याला हात लावू देत नसेल, तर तो काचबिंदू असू शकतो. त्यात डोळ्यातील दाब वाढून तीव्र वेदना होतात आणि एक-दोन दिवसांतही दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यांना गाठावे. गोचीडतापाने डोळ्याच्या आत सूज येते आणि मधुमेहाने मोतीबिंदू होतो, त्यामुळे रक्ततपासणी टाळू नये. उतारवयात डोळ्यांत येणारी निळसर झाक मात्र नेहमी मोतीबिंदूच असते असे नाही, आणि तिने नजर फारशी कमी होत नाही. घरात उरलेले माणसांचे थेंब डोळ्यांत घालण्याचा मोह आवरावा. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर ती चिघळून डोळाच जाऊ शकतो.

शेरूच्या बाबतीत आमच्या लक्षात उशिरा आले. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की तो माझ्यापुढे पळत जाई. एका हिवाळ्यात तो बांधाशी थबकू लागला आणि मी ते वयावर ढकलले. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे पूर्वीपेक्षा जास्त चमकत, याचाही अर्थ मला कळला नाही. शेरूला दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, हळूहळू ऱ्हास होणारा आनुवंशिक विकार होता. त्यात आधी रात्रीची नजर जाते, मग दिवसाची. त्यावर उपचार नाही आणि वेदनाही नाहीत. डॉक्टरांनी आमच्याच घरातला कापूस मागितला आणि त्याचा बोळा शेरूच्या नाकापुढे वरून सोडला. कापसाला आवाज नसतो आणि वाराही लागत नाही. शेरूची मान हलली नाही. डोळ्यांपुढे हात हलवून पाहिले तर मिशांना वारा लागून कुत्रा दचकतो आणि त्याला दिसते असा आपला समज होतो.

कुत्रा घर नाकाने, कानांनी आणि पावलांनी पाठ करतो. ते पाठांतर आपण मोडू नये. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, बाजा रोज रात्री अंगणात येतात आणि सकाळी आत जातात. शेरू सर्वांत जास्त धडकला तो या बाजांनाच. आता त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि पाण्याचे भांडे बारा महिने निंबाखालीच असते, कारण तापलेल्या अंगणात पाणी शोधत फिरण्याची वेळ त्याच्यावर येता कामा नये. ओट्याच्या पायरीआधी गोणपाट अंथरले आहे. पावलाला ते लागले की तो आपोआप थांबतो. त्याला हात लावण्यापूर्वी बोलावे, झोपेत असेल तर विशेषतः, कारण दचकलेला कुत्रा घरच्यांनाही चावतो. शब्द थोडे आणि सर्वांचे सारखे असावेत. आम्ही अहिराणीत ‘आठे ये’ म्हणतो. पुण्याहून आलेला पुतण्या ‘इकडे ये’ म्हणाला, तेव्हा शेरू जागचा हलला नव्हता.

शेतात त्याला कधीही मोकळा सोडू नये, कारण आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ आहेत. मी त्याला गळपट्ट्याऐवजी छातीच्या पट्ट्याला दोरी लावून नेतो आणि माझ्या काठीला घुंगरू बांधले आहे. पहिले पंधरा दिवस तो पायात घोटाळत असे. आता घुंगराच्या डाव्या बाजूने, हातभर अंतर ठेवून चालतो, आणि मी बोलायला थांबलो की तोही थांबतो.