टेक्सासमधले मॅन्युफॅक्चर्ड होम: ओशाची नोंदवही, करसवलत आणि मालकीचा दाखला

तुमचे पती मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात तयार करून ट्रकने जागेवर आणले जाणारे घर, बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन अभियंता म्हणून रुजू होत आहेत आणि तुम्ही स्वतःही तसेच एक घर घेण्याच्या विचारात आहात. उद्योगाच्या बातम्यांत कामगारांच्या सुरक्षिततेविषयी आणि पहिल्या घरावरील करसवलतीविषयी वाचून, यातले किती खरे मानावे, असे तुम्ही विचारले आहे. मी टेक्सासमध्ये याच उद्योगात सुरक्षा विभागात बरीच वर्षे काम करतो आणि राहतोही अशाच घरात. "कागदपत्रांचे सगळे क्लोजिंगवाले बघतील, असे डीलर म्हणाला" हे तुमचे वाक्य (क्लोजिंग म्हणजे सह्या होऊन खरेदीचा व्यवहार पूर्ण होणे) वाचल्यावर मात्र सविस्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण अगदी याच आश्वासनाची किंमत आम्ही मोजलेली आहे. मी कर सल्लागार नाही आणि वकीलही नाही. टेक्सासबाहेर मालकीच्या नोंदणीचे नियम वेगळे आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

घराचा दर्जा, हडचे, म्हणजे संघीय गृहनिर्माण खात्याचे, मानक, ते लागू झाले त्या १५ जून १९७६ पूर्वीची घरे का टाळावीत, हे सगळे तुम्ही वाचलेले दिसते, म्हणून ते पुन्हा सांगत नाही.

आधी कारखान्याविषयी. आपला कारखाना सुरक्षित आहे, असे प्रत्येक कंपनी म्हणते. त्यावर विश्वास ठेवण्याची किंवा न ठेवण्याची काहीच गरज नाही, कारण ते तपासता येते. दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या अशा कारखान्याला दुखापतींची नोंदवही ठेवावी लागते आणि तिचा वार्षिक गोषवारा १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात कामगारांना दिसेल अशा जागी लावावा लागतो. नोंदवही पाहायला मागण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे आणि मागितल्यावर कामाच्या पुढच्याच दिवसाच्या अखेरीपर्यंत ती दाखवावी लागते. तुमच्या पतींनी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दर काढण्याची रीत सोपी आहे: वर्षातील नोंदलेल्या दुखापती गुणिले २,००,००० भागिले सर्वांनी मिळून केलेल्या कामाचे तास. समजा, अडीचशे कामगारांनी ५,००,००० तास काम केले आणि २० दुखापती नोंदल्या गेल्या, तर दर आठ येतो, म्हणजे पूर्णवेळ काम करणाऱ्या दर शंभर माणसांमागे वर्षाला आठ दुखापती. याखेरीज ओशाच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या संघीय संस्थेच्या, संकेतस्थळावर कंपनीचे नाव घालून तिथे झालेल्या तपासण्या आणि ठोठावलेले दंड कोणालाही पाहता येतात. ते तर नोकरी स्वीकारण्याआधीच पाहावे.

आकडा कमी असला म्हणजे सगळे आलबेल आहे, असे मात्र समजू नये. दिवसाला किती "फ्लोअर" (घराचे तयार भाग) बाहेर पडले यावर बोनस ठरत असेल, तर किरकोळ दुखापत सांगायला कामगार कचरतो. मी नव्या माणसाला सर्वांत आधी छताच्या टप्प्यावर घेऊन जातो. तिथे छत क्रेनने उचलून भिंतींवर बसवतात आणि मग शिंगल्स (छतावरची आच्छादने) लावणारी माणसे जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर, हातात नेल गन घेऊन, पुढे सरकणाऱ्या रांगेतल्या घरावर काम करतात. कारखान्यात चार फुटांच्या वर पडण्यापासून संरक्षण देणे नियमाने बंधनकारक आहे. बाजूच्या कॅटवॉकला (उंचावरच्या अरुंद चालवाटेला) कठडा पूर्ण आहे का, आणि घर पुढच्या टप्प्यावर सरकवताना मधली साखळी कोण लावतो, हे दहा मिनिटे उभे राहून पाहिले की त्या कारखान्याची खरी शिस्त कळते. प्रशिक्षण कामगारांना समजेल अशा भाषेत झाले पाहिजे, ही ओशाची अपेक्षा आहे, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ स्पॅनिश असा होतो. इंग्रजी कागदावर सही घेतली म्हणजे प्रशिक्षण झाले, असे मानणाऱ्या व्यवस्थापकाशी वाद घालण्याची तयारी तुमच्या पतींनी ठेवावी.

तुम्हा खरेदीदारांसाठी महत्त्वाचा धोका कारखान्यात नसून तुमच्या जागेवर आहे. घर ट्रकने भागाभागांनी येते, ते भाग जॅकवर उचलले जातात, खाली काँक्रीटच्या ठोकळ्यांचे खांब रचले जातात. या अवस्थेत, विशेषतः पाऊस पडून माती मऊ झालेली असेल तर, जॅक कलतो आणि घर खाली बसते. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या घराखाली कोणीही जाऊ नये; लाकडी ओंडक्यांचा चौथरा रचलेला हवा. आपले लोक कौतुकाने मुलांना घेऊन फोटो काढायला जातात, ते त्या दिवशी कृपया टाळा. बसवणाऱ्याकडे राज्याचा परवाना आहे का, हे आधी विचारा आणि परवाना क्रमांक लिहून घ्या.

आता करसवलतीकडे वळतो. तुम्ही जिचा उल्लेख केला ती ८,००० डॉलरची सवलत २००९ आणि २०१० सालची आहे. ती मॅन्युफॅक्चर्ड घरांनाही मिळत असे, पण त्यासाठी खरेदीचा करार ३० एप्रिल २०१० पर्यंत होणे आवश्यक होते. त्यानंतर घर घेतले म्हणून सर्वांना थेट मिळणारी अशी संघीय सवलत आलेली नाही. प्रस्ताव पुष्कळ आले, कायदा झाला नाही. ऊर्जा बचतीच्या घरामागे २,५०० डॉलरची जी सवलत डीलर सांगतो, ती घर बनवणाऱ्या कंपनीला मिळते, तुम्हाला नव्हे, आणि ३० जून २०२६ नंतर घेतलेल्या घरांना ती लागू नाही. व्याजाची वजावट कायद्याने मिळते हे खरे, पण समजा १,२०,००० डॉलरचे कर्ज आठ टक्क्यांनी घेतले, तर पहिल्या वर्षाचे व्याज साधारण ९,६०० डॉलर होते, आणि पतिपत्नींची एकत्रित प्रमाणित वजावट (खर्चाचा हिशेब न देता सरसकट मिळणारी) २०२५ सालासाठी ३१,५०० डॉलर आहे. त्यामुळे इतर मोठ्या वजावटी नसतील तर त्या व्याजाचा करात उपयोग होत नाही.

खरोखर हाताला लागू शकेल अशी गोष्ट म्हणजे मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट. राज्याच्या किंवा स्थानिक गृहसंस्थेकडून ते मिळते आणि भरलेल्या व्याजाचा ठरावीक हिस्सा, वीस टक्क्यांहून अधिक दर असल्यास वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, थेट करातून वजा होतो. वरच्याच उदाहरणात वीस टक्के दराने वर्षाला १,९२० डॉलर वाचतात. किमान ४०० चौरस फुटांचे आणि १०२ इंचांहून रुंद मॅन्युफॅक्चर्ड घर कायद्याने यात बसते. मात्र सर्टिफिकेट क्लोजिंगच्या आधी मिळवावे लागते आणि कर्ज देणारी संस्था त्या योजनेत सहभागी असावी लागते. डीलरच्या टेबलावर झटपट मिळणारे चॅटल लोन, म्हणजे घराला जंगम वस्तू मानून दिलेले कर्ज, घेऊन नंतर चौकशी केली, तर संधी गेलेली असते. आणखी एक: मागच्या तीन वर्षांत स्वतःच्या मालकीच्या मुख्य घरात राहिलेला माणूस सहसा यातून वगळला जातो. तुम्ही पुण्यातल्या स्वतःच्या फ्लॅटमधून नुकत्याच आला असाल, तर तो फ्लॅट मोजला जाईल का, हे अर्ज करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या.

या साऱ्यापेक्षा मोठी सवलत टेक्सासमध्ये मालमत्ता कराची आहे. स्वतः राहत्या घरावर शाळेच्या कराच्या मूल्यांकनातून २०२३ पासून १,००,००० डॉलर आणि २०२५ पासून १,४०,००० डॉलर वगळले जातात. मॅन्युफॅक्चर्ड घराच्या बाबतीत मूल्यांकनच बहुधा त्याच्या आसपास किंवा खाली असते, म्हणजे शाळेचा कर जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. पण त्यासाठी घर तुमच्या नावावर असल्याचे दाखवणारा राज्याचा मालकीचा दाखला, म्हणजे स्टेटमेंट ऑफ ओनरशिप, सहसा लागतो, आणि आमचे सगळे घोडे तिथेच अडले.

आम्ही २०१८ मध्ये घर घेतले. जमीन आधीच आमची होती. घर जमिनीसह स्थावर म्हणून नोंदवावे, असा पर्याय निवडून अर्जावर सह्या केल्या होत्या आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे संमतिपत्रही जोडले होते. क्लोजिंग करणाऱ्या कार्यालयातील बाईंनी त्या गठ्ठ्यावर पिवळी चिठ्ठी लावली आणि आता तुम्ही काही करायचे नाही, आम्ही पाठवतो, असे सांगितले. पुढच्या वसंतात मालमत्ता कराच्या मूल्यांकन कार्यालयाची दोन पाकिटे आली. जमिनीचे पाकीट आमच्या नावाने होते. घराचे मात्र आमच्याच पत्त्यावर, पण डीलरच्या नावाने होते. सवलतीचा अर्ज घरापुरता नाकारला गेला. काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) राज्याकडे बोट दाखवले, राज्याने सांगितले की अर्जच आलेला नाही, आणि क्लोजिंगच्या कार्यालयाचे एकच उत्तर होते की आमच्याकडे ही फाइल बंद झाली आहे. बंद केलेल्या फाइलमध्ये आमचा सही केलेला अर्ज, त्याच पिवळ्या चिठ्ठीसह, तसाच पडलेला होता. पुढे दाखला निघाला, पण त्याची प्रमाणित प्रत साठ दिवसांत काउंटीच्या दफ्तरी नोंदवायची असते, तीही त्यांनीच नोंदवायची होती, आणि तेही झाले नाही.

कर भरून मोकळे झालो असतो, पण खरा फटका २०२१ मध्ये बसला. त्या वर्षाच्या आरंभी तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर तीन टक्क्यांच्याही खाली होता. जुने कर्ज फेडून कमी दराचे नवे घेण्याचा आमचा अर्ज बँकेने परत केला, कारण काउंटीच्या दफ्तरी घर स्थावर नव्हते, जंगम होते. सगळी नोंद दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत २०२२ चा मे उजाडला आणि दर पाच टक्क्यांवर गेलेले होते. जुन्या चढ्या व्याजाचा हप्ता आम्ही आजही भरतो. त्या कार्यालयातून एका ओळीची दिलगिरीही आलेली नाही. रोज हेच काम करणाऱ्या आणि त्याचे शुल्क घेणाऱ्या माणसांनी एक कागद टपालात टाकू नये, याचा मला अजूनही संताप येतो.

म्हणून क्लोजिंगच्या दिवशी भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत आणि तो पाठवण्याची तारीख लेखी घ्या, आणि काउंटीतील नोंदणी दुसऱ्यावर न सोपवता स्वतः जाऊन करा. घराच्या प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला बाहेरून लाल धातूची छोटी पट्टी असते. तिच्यावरील तीन अक्षरे आणि क्रमांक घालून टेक्सासच्या गृहनिर्माण विभागाच्या संकेतस्थळावर मालकाचे नाव पाहता येते. साठ दिवस उलटले आणि तिथे अजून डीलरच दिसत असेल, तर फोन करण्यात वेळ न दवडता लेखी तक्रार करा. पट्टीचा फोटोही काढून ठेवा, कारण पुढे साइडिंग (बाहेरच्या भिंतींवरचे आवरण) बदलताना लोक ती फेकून देतात. मूल्यांकन कार्यालयाने अर्ज नाकारलाच, तर सवलतीचा उशिरा केलेला अर्जही कर थकीत होण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत चालतो. आमचे पहिल्या वर्षाचे पैसे त्याच वाटेने परत मिळाले.

तुमची काउंटी कोणती, आणि जमीन स्वतःची घेणार की पार्कमध्ये भाड्याची, हे कळवाल का? जमीन भाड्याची असेल तर स्थावर नोंदणीचा भाग बराच बदलतो आणि त्याविषयी वेगळे लिहावे लागेल.