सासूबाईंचे गुडघे आणि शिकागोचा नागमोडी पूल

प्रश्न : ताई, आम्ही डिसेंबरमध्ये मुलाकडे शिकागोला चाललोय. तिथल्या मिलेनियम पार्कमधल्या चकचकीत नागमोडी पुलाचा फोटो बघितल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये. पण सोबत सासूबाई आहेत, वय ७८, जिने अजिबात चढवत नाहीत. जमेल का? आणि रस्ता ओलांडायच्या पुलात एवढं बघण्यासारखं काय असतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंना नक्की न्या, फक्त डिसेंबरमध्ये नको. पुलाची चालायची वाट लाकडी फळ्यांची आहे, त्यावरचा बर्फ नीट काढता येत नाही म्हणून थंडीत पूल बंद ठेवतात. मी पहिल्यांदा जानेवारीत गेले आणि खालूनच बघून परत आले, फार वाईट वाटलं होतं.

मग जूनमध्ये आईला घेऊन गेले. तिचेही गुडघे दुखतात. खरं सांगू, तो पूल तिच्यासारख्यांसाठीच बांधलाय असं वाटलं मला. कोलंबस ड्राइव्ह हा मोठा रस्ता सरळ ओलांडायचा तर उंची गाठायला जिना किंवा चांगलाच चढ लागला असता, पण पुलाचे वास्तुरचनाकार फ्रँक गेरींनी वाट वळवत वळवत लांब नेलीय, जवळजवळ ९३५ फूट, त्यामुळे चढ फक्त ५ टक्के, म्हणजे २० पावलं पुढे गेलात तर जेमतेम १ पाऊल वर. एकही पायरी नाही, व्हीलचेअर आरामात जाते. धरायला वेगळा दांडा मात्र नाही, दोन्ही बाजूंना स्टीलने मढवलेले कठडेच आहेत, तेव्हा काठी सोबत असू द्या.

बघण्यासारखं काय म्हणाल तर ते वळणच. स्टीलचे पत्रे खवल्यांसारखे बसवलेत आणि प्रत्येक वळणाला समोरचं चित्र बदलतं, आत्ता उंच इमारती, मग लेक मिशिगनच्या बाजूचं मोकळं आभाळ. गाड्यांचा आवाजही पुलामुळे बागेकडे कमी येतो, तेही मुद्दाम केलंय. २००४ मध्ये पार्कसोबतच हा खुला झाला, गेरींचा बांधून पूर्ण झालेला हा पहिलाच पूल. संध्याकाळच्या उन्हात जा, स्टील सोनेरी दिसतं.

तिकीट लागत नाही. त्याच पार्कात आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ हे चकचकीत स्टीलचं शिल्प आहे, ते थंडीतही बघता येतं. पण तारखा बदलता येत असतील तर मे-जूनचं बघाच, आईने त्या दिवशी तो पूल दोनदा पार केला होता.