चहा स्वस्त झाला, मग बंड कशासाठी?

प्रश्न : चहावरील जाचक करामुळे अमेरिकेतील वसाहतींनी ब्रिटिशांविरुद्ध बंड केले, असे आम्ही शाळेत शिकलो. परंतु १७७३ च्या कायद्याने तेथील चहा उलट स्वस्त झाला, असे अलीकडे वाचनात आले. यातले खरे काय?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. शाळेतल्या वाक्यातला ‘जाचक’ हा एक शब्द खोडला, तर तेही बरेचसे बरोबर ठरेल. चहावरचा कर रतलामागे (म्हणजे सुमारे ४५० ग्रॅममागे) ३ पेन्स होता आणि तो १७७३ चा नव्हे, १७६७ चा होता. त्या वर्षी अर्थमंत्री टाउनशेंड यांनी वसाहतींत येणाऱ्या काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर कर बसवले. वसाहतवाल्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला, तेव्हा १७७० मध्ये बाकीचे कर उठले. चहावरचा मात्र, पार्लमेंटचा कर बसवण्याचा हक्क शाबूत आहे हे दिसावे म्हणून, मुद्दाम ठेवला गेला.

पुढे ईस्ट इंडिया कंपनी अडचणीत आली. चीनहून आणलेला लक्षावधी रतल चहा तिच्या लंडनच्या वखारींत पडून होता. तिला सावरण्यासाठी १७७३ च्या कायद्याने अमेरिकेला जाणाऱ्या चहावरची इंग्लंडमधील जकात माफ केली आणि लंडनचा लिलाव टाळून स्वतःच्या अडत्यांमार्फत तो थेट तिकडे विकण्याची मुभा कंपनीला दिली. त्यामुळे हा चहा चोरट्या डच चहाशीही टक्कर देऊ शकेल, असा हिशेब होता. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या बॉस्टन बंदरच्या व्यापाऱ्यांचा संताप निव्वळ तत्त्वाचा होता, असे मी म्हणणार नाही; त्यांच्यापैकी काहींचा चोरटा धंदा बुडणार होता, आणि नेमलेल्या अडत्यांत तर खुद्द गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते.

तरीही माझ्या मते खरी मेख पगारात आहे. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजा नेमत असे, परंतु त्याचा पगार वसाहतीचे निवडलेले सभागृह वर्षावर्षाला मंजूर करी. त्यामुळे लंडनच्या हुकमाचा माणूस असूनही त्याला सभागृहाचे म्हणणे कानाआड करता येत नसे. टाउनशेंड यांच्या कायद्यात मात्र या करांच्या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार देण्याची तरतूद होती, आणि १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ती अमलात आणण्याचे जाहीर झाले. म्हणजे चहाच्या प्रत्येक रतलामागे ३ पेन्स मोजणारा गिऱ्हाईक आपल्याच हातातला लगाम सोडून देत होता, आणि चहा जितका स्वस्त होऊन खपेल, तितका तो लगाम लवकर सुटणार होता.

लंडनची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १७६३ मध्ये संपलेल्या सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटनचे कर्ज सुमारे १३ कोटी पौंडांवर गेले होते, आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचा वाटा वसाहतींनी उचलावा, ही मागणी तेथील बहुतेक खासदारांना रास्त वाटत होती. पार्लमेंटमध्ये तुमचा प्रतिनिधी नसला तर काय झाले, इंग्लंडातल्या मँचेस्टर शहराचा तरी कुठे आहे, असेही उत्तर दिले जाई. वसाहतवाल्यांना त्यात समाधान वाटण्याजोगे काही सापडले नाही, हे उघड आहे.

बॉस्टनच्या बंदरात चहा समुद्रात ओतण्यासाठी १६ डिसेंबर १७७३ ची रात्रच का निवडली, याचे उत्तर जकातीच्या नियमात आहे. जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात न भरल्यास माल जप्त होत असे, आणि ‘डार्टमथ’ या जहाजाची मुदत दुसऱ्या दिवशी भरत होती. जप्त झालेला चहा विकून कर वसूल होणार, आणि माल न उतरवता जहाज परत जाऊ देण्यास गव्हर्नर तयार नव्हते. म्हणून त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात ओतण्यात आला. त्यावर पार्लमेंटने १७७४ मध्ये बॉस्टनचे बंदर बंद केले, शिवाय मॅसॅच्युसेट्समधील गावसभांवर निर्बंध घातले. चहाशी देणेघेणे नसलेला खेड्यापाड्यांतला शेतकरी या दुसऱ्या गोष्टीने पेटला, आणि १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे बंदुका चालल्या.

प्रश्न : जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मोठ्या लढाया गमावल्या, असे म्हणतात. मग ते युद्ध जिंकले कसे?

उत्तर : लाँग आयलंड, ब्रँडीवाइन आणि जर्मनटाउन या लढाया त्यांनी गमावल्या, हे खरेच आहे. पण प्रत्येक वेळी त्यांनी सैन्य वाचवले, आणि सैन्य शिल्लक असेपर्यंत बंड मोडले असे ब्रिटिशांना म्हणता येत नव्हते. उलट ब्रिटिशांना एकेक सैनिक महासागरापलीकडून आणावा लागत असे. मार्च १७८१ मध्ये गिल्फर्ड कोर्टहाउसची लढाई ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस यांनी जिंकली खरी, पण तीत त्यांचे चौथाईहून अधिक सैन्य कामी आले किंवा जायबंदी झाले.

वसाहतींची स्वतःची अवस्थाही बिकट होती. कराच्या हक्कावरून लढणाऱ्या त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे सर्व वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती नोटा छापत राहिली, आणि १७८० मध्ये चाळीस कागदी डॉलरांना चांदीचा एक डॉलर असा भाव तिला स्वतःलाच मान्य करावा लागला. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे ब्रिटिश सेनापती बर्गोइन शरण आले नसते, तर फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये उघड तह केला असता, असे मला वाटत नाही. आणि फ्रेंच आरमार नसते, तर ज्या यॉर्कटाउनच्या वेढ्यात १७८१ मध्ये कॉर्नवॉलिस शरण आले आणि युद्धाचा निकाल लागला, तो समुद्राच्या बाजूने मोकळाच राहिला असता.

प्रश्न : यॉर्कटाउनचे कॉर्नवॉलिस आणि टिपूविरुद्ध लढलेले कॉर्नवॉलिस एकच का?

उत्तर : होय, एकच. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी प्रकृतीचे कारण सांगून ते शरणागतीच्या समारंभाला आलेच नाहीत. त्यांनी आपले दुय्यम अधिकारी ओहारा यांना पाठवले. त्या पराभवाने त्यांची कारकीर्द मात्र संपली नाही. १७८६ मध्ये ते गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आले आणि १७९२ मध्ये मराठे व निजाम यांच्या फौजांसह त्यांनी श्रीरंगपट्टणला वेढा घातला. १८०५ मध्ये त्याच पदावर ते पुन्हा आले, आणि काही आठवड्यांतच गाझीपूर येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे.