संकटात प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील तर ख्रिस्ती माणसाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर घरात एकामागून एक चाललंय, नोकरी गेली, आईचं दुखणं निघालं, आणि प्रार्थनेला बसलं की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'च्या पुढे गाडी सरकत नाही. कोणती प्रार्थना म्हणावी आणि दिवसातून किती वेळ, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर पुढे देतेच. पण तुम्ही जाता जाता आणखी एक ओळ लिहिली आहे, की घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनेच्या घरसभेत सांगतात, घरात कुठलं तरी पाप लपलेलं असणार, म्हणून तुमचं ऐकलं जात नाही. मी लिहायला बसले ती या ओळीमुळे.

हे साफ खोटं आहे. कुणीही सांगितलेलं असो, कितीही वर्षं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्याने सांगितलेलं असो.

माझं सासर मूळचं जालन्याजवळच्या बेथेलचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात वसवलेलं ते ख्रिस्ती गाव. शेषाद्री स्वतः ब्राह्मण, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांच्यामागे आलेली माणसं मात्र बहुतेक मांगवाड्यातली आणि महारवाड्यातली, ज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणजे अडचणीत देवाला हाक मारणं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

शेत अंबडकडे. त्यात मोसंबी, न्यूसेलर जातीची. मोसंबी लावली की पहिली पाच-सहा वर्षं नुसती पोसावी लागते, मग ती घर चालवते. 2012 चा पावसाळा कोरडा गेला आणि 2013 च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. आमचं बोअर आटलं, विहिरीचा तळ दिसायला लागला. टँकर विकत घेतले, पाइप धरून एकेका आळ्यात मोजून पाणी सोडलं, पाचटाचं आच्छादन केलं, फांद्या छाटून झाडावरचा भार कमी केला. जाणकारांनी सांगितलं ते सगळं केलं. तरी पानं वळून द्रोणासारखी झाली आणि शेंड्याकडून खाली सल यायला लागली. शेवटी यांनी आरा घेऊन माणसं बोलावली. वाळक्या फांद्यांना लिंबाएवढी कडक झालेली फळं तशीच लटकून होती. झाड आडवं झालं की ती तापल्या ढेकळांवर खडखड वाजत गळायची. हे बांधावर बसून ते बघत होते.

त्यानंतर यांचं बोलणं बंद झालं. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. रात्री-अपरात्री उठून अंगणात जाऊन बसायचे. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या मी आखाड्यावरून उचलून माहेरी पाठवून दिल्या. शेतकऱ्याच्या घरात एवढं सांगितलं की पुरे.

त्या दिवसांत मी माझ्या सासूबाईंची प्रार्थना ऐकली. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रोज रात्री नातवाकडून शास्त्र वाचून घ्यायच्या, त्यामुळे कितीतरी स्तोत्रं पाठ होती. संध्याकाळी त्या विहिरीवर जाऊन बसायच्या. पदर डोक्यावर, पण हात जोडलेले नाहीत. एक हात कठड्यावर आपटत मोठ्याने बोलायच्या, "आरं बापा, तुला दिसंना का? झाडं गेली, पैसा गेला, आता माझं लेकरू नेतू का? बोल की! कामून बोलंना तू?" स्तुती नाही, आभार नाहीत, शेवटी आमेनसुद्धा नाही. मग तोंड पुसून घरी यायच्या आणि भाकरी टाकायला बसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी बी. ए., बी. एड. झालेली बाई, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लहानपणापासून जाणारी, पण खरी प्रार्थना कशी करतात ते मी त्या कठड्यापाशी शिकले.

आता घरसभेचं सांगते. त्या गुरुवारी ती आमच्याकडे होती. यांचे थोरले चुलतभाऊ, आमचे मोठे भावजी, सभा चालवायचे. त्यांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. वाचून झालं, शास्त्र मिटलं आणि भरल्या ओसरीत यांच्याकडे बघून म्हणाले, "तुला हा आनंद का होत नाही? काही पाप लपलेलं असेल तर आज सांगून मोकळा हो."

हे खाली मान घालून बसले होते. कुणी हूं की चूं केलं नाही. भिंतीला टेकलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "पैला अध्याय वाच की रं. त्यो कामून सोडला?"

भावजींनी वाचला नाही. मग मी वाचला. पहिल्या अध्यायात हाच हबक्कूक देवाला विचारतोय, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? अन्याय चाललाय आणि तू गप्प बसून बघतोस कसा? उणेपुरे तीन अध्याय आहेत त्या पुस्तकाला. तिसरा अध्याय खराच आहे, आणि तो माझा आवडता आहे. पण तिथवर हबक्कूक स्वतःच्या पायांनी गेला, देवाशी पोटभर भांडून गेला. त्याला कुणी चार लोकांत उभं करून आनंदी हो म्हणून दटावलं नव्हतं. ज्याची बाग आजच तोडली गेली त्याच्यापुढे पहिला अध्याय गाळून तिसरा वाचणं मला पापाहून कमी वाटत नाही.

तर तुमच्या प्रश्नाकडे. कोणती प्रार्थना? स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रडगाऱ्हाणीच आहेत. तेरावं काढा. दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर' आहे. नाहीतर अठ्ठ्याऐंशीवं काढा. ते तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचा एक शब्द नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. स्वतःचे शब्द नसतील तर हे घ्या, ते त्यासाठीच आहेत. तेही जमत नसेल तर नुसतं कण्हा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मूल व्हावं म्हणून प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे तर नुसते ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. आपले प्रभू धरले जाण्याआधी गेथशेमाने बागेत तेच तेच शब्द पुन्हा म्हणत होते. तुम्ही कॅथलिक असाल तर जपमाळ हातात घ्या, शब्द शोधावेच लागत नाहीत. आणि किती वेळ म्हणाल तर, घड्याळ लावू नका. देव रागवेल का, असंही तुम्हाला वाटतंय. लाजर मेल्यावर मार्था येशूला तोंडावर म्हणाली, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. ते तिच्यावर रागावले नाहीत. थोड्या वेळाने ते स्वतः रडले.

यांना मी छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. भावजींनी त्यावरूनही वाद घातला, गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडला म्हणाले. एलीया एवढा मोठा संदेष्टा, तो रतामाच्या झाडाखाली पडून म्हणाला, पुरे आता, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत पाठवला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. बोलणं त्याच्या कितीतरी नंतर. गोळीने यांना झोप लागली, झोपेनंतर भूक लागली, आणि बऱ्याच महिन्यांनी हे स्वतःहून देवळात येऊन मागच्या बाकावर बसले.

आता शेततळं आहे, मोसंबी पुन्हा लावली, पहिल्याहून कमी. भावजी आजही साक्ष देताना सांगतात की त्या गुरुवारी सभेने पापावर बोट ठेवलं म्हणून हे घर उभं राहिलं. मी त्याच देवळात, त्याच मंडळीत बसते आणि दर वेळी सांगते की तसं झालं नाही. ऐकली गेली ती विहिरीवरची प्रार्थना. आत्याबाई आता नाहीत, म्हणून हे मला सांगावं लागतं.

एक राहिलं. घरसभा सोडा असं मी म्हणत नाही. त्याच सभेतल्या बाया दळण निवडून, दळून आणून द्यायच्या, तोंडातून शब्द न काढता. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले होते, तोवर ते चांगलेच होते. नंतर बोलायला लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला, ईयोबावर नाही. पापकबुलीलाही माझा विरोध नाही. खरंच काही मनाला खात असेल तर पाळकसाहेबांशी एकट्यात बोला, ओसरीत नाही.

आणि जगणंच नको वाटत असेल तर स्तोत्र नंतर, आधी 14416 ला फोन करा. टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचे डॉक्टर असतात, घरचं एक माणूस सोबत घेऊन जा. आईच्या आजारपणात तुमच्या जेवणाकडे कोण बघतंय तेही कळवा.

पुढच्या सभेत पुन्हा कुणी पाप विचारलं तर योहानाचा नववा अध्याय उघडून त्यांच्याच हातात द्या. जन्माच्या आंधळ्याला बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं. तिसऱ्या वचनात प्रभूचं उत्तर आहे, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. ते वचन त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा.