वाचक विचारतात : स्थलांतरित शेजाऱ्यांसाठी मंडळीने काय करावे?

प्रश्न : आम्ही मूळचे अहिल्यानगरचे, गेली नऊ वर्षे न्यू जर्सीत राहतो. आमच्या चर्चमध्ये दुपारी स्पॅनिश उपासना भरते. तिला येणारी बहुतेक कुटुंबे ग्वाटेमाला आणि होंडुरासची आहेत. अलीकडे इमिग्रेशन खात्याच्या अटकेच्या भीतीने त्यांची उपस्थिती निम्म्यावर आली आहे. मागच्या रविवारी एका आईने मुलाचा दम्याचा पंप आणि लसीकरणाचे कार्ड माझ्या हाती देऊन, ‘एखाद्या दिवशी मी आले नाही, तर हे तुमच्याकडे असू द्या,’ असे सांगितले. मंडळीतले काही जण म्हणतात, या लोकांना चर्चमध्ये आसरा द्यावा. काही म्हणतात, या भानगडीत पडू नये. आम्ही स्वतः एच-१बी व्हिसावर आहोत. काय करावे?
– एक भगिनी, एडिसन

उत्तर : आधी आसऱ्याचे पाहू, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. ॲरिझोनातील टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने २४ मार्च १९८२ रोजी, एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांच्या हत्येच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, मध्य अमेरिकेतील यादवीतून पळून आलेल्यांना आपण आसरा देत असल्याचे जाहीर केले, आणि ते जाहीर करण्यापूर्वी सरकारलाही पत्राने कळवले. पाळक जॉन फाइफ यांच्यासह आठ जण १९८६ मध्ये दोषी ठरले. तुरुंगात मात्र कोणाला जावे लागले नाही. तुमच्या एडिसनला लागूनच असलेल्या हायलंड पार्कच्या रिफॉर्म्ड चर्चमध्ये २०१२ साली, देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघालेले काही इंडोनेशियन ख्रिस्ती महिनोन्महिने राहिले, तेही उघडपणे. परवान्याविना देशात राहणाऱ्याला जाणूनबुजून लपवणे हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. म्हणून असा निर्णय भावनेच्या भरात, दोन-चार उत्साही मंडळींनी परस्पर घेण्याचा नाही. तो विश्वस्त आणि वकील यांच्यासमोर, धोका कोण पत्करणार हे ठरवून घ्यावा लागतो. जेवण, कपडे, इंग्रजीची शिकवणी, कोर्टात सोबत जाणे, वकिलाची फी भरणे या गोष्टींची जात वेगळी आहे, आणि माझ्या मते तुमच्या मंडळीचे खरे काम तिथेच आहे.

चर्चमध्ये अटक होत नाही, असेही अनेकांना वाटते. २०११ पासून प्रार्थनास्थळे शक्यतो टाळावीत असे सरकारी धोरण होते. जानेवारी २०२५ मध्ये ते मागे घेतले गेले. पुढच्याच महिन्यात मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने या बदलाच्या अंमलाला मनाई केली, पण ती दावा लावणाऱ्या धर्मसंस्थांपुरती. मात्र दाराचा कायदा जुनाच आहे. उपासनेसाठी सर्वांना खुल्या असलेल्या सभागृहात अधिकारीही इतरांसारखे येऊ शकतात. ऑफिस, स्वयंपाकघर, रविवारच्या शाळेच्या खोल्या अशा खासगी भागात शिरायला मात्र न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट किंवा तुमची संमती लागते. इमिग्रेशन खात्याचे स्वतःचे वॉरंट असते, त्यावर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते, आणि ते पुरेसे नसते. तेव्हा त्या दारांवर ‘खासगी’ अशी पाटी लावा, कागद वाचण्याचे काम एका-दोघांकडेच सोपवा, आणि बाकीच्यांनी खोटे बोलू नये, वाट अडवू नये, पळापळ करू नये, हे आधीच सांगून ठेवा.

इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, म्हणून फसवणूक फोफावते. लॅटिन अमेरिकेत ‘नोतारिओ’ हा कायद्याचा पदवीधर असतो, अमेरिकेतला नोटरी मात्र सही-शिक्क्यापुरता. नावाच्या या सारखेपणावर कित्येकांनी आयुष्यभराची बचत आणि खटला दोन्ही गमावले आहेत. (आपल्याकडे कोर्टाबाहेर बसणारा नोटरी बहुधा वकीलच असतो, त्यामुळे आपल्यालाही ही चूक सहज पटते.) सरकारकडे आश्रयाचा (असायलमचा) अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि ती मुदत हुकल्याने अनेकांची वाट बंद झाली आहे, हायलंड पार्कच्या त्या कुटुंबांतही असे होते. न्याय खात्याची मान्यता मिळवून चर्चसारखी ना-नफा संस्था वकील नसलेल्या प्रशिक्षित माणसांकरवी अशी प्रकरणे चालवू शकते. तुमच्या मंडळीला एकटीने ते झेपणार नसेल, तर शेजारच्या दोन-तीन मंडळ्यांनी मिळून विचार करावा.

एक गोष्ट मात्र करू नये : कोणाकडे कागद आहेत आणि कोणाकडे नाहीत याची यादी. चांगल्या हेतूने केलेली वहीसुद्धा उद्या कोर्टाच्या हुकमाने मागवली जाऊ शकते.

तुमच्या व्हिसाविषयी संकोच वाटून घेऊ नका. अटक किंवा खटला तुमच्याही मुक्कामावर येऊ शकतो, म्हणून दारात उभे राहण्याचे काम नागरिक असलेल्या सभासदांनी करावे. तुम्ही त्या आईबरोबर वकिलाकडे जा. ती नसताना मुलाला कोणी सांभाळायचे याचा रीतसर कागद, शाळेत तातडीच्या वेळी बोलावण्याच्या व्यक्तीचे नाव, आणि मूल अमेरिकेत जन्मलेले असेल तर त्याचा पासपोर्ट, एवढे तरी आताच व्हायला हवे. तिचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक, असल्यास तो तिच्या विश्वासातल्या एका माणसाला पाठ असावा, कारण ताब्यात घेतलेल्याचा शोध ऑनलाइन घेताना तो आणि जन्मदेश विचारला जातो.

पंप तुमच्याकडेच राहू द्या. त्याची मुदत कधी संपते, किती वेळा द्यायचा आणि मुलाचे डॉक्टर कोण, हे येत्या रविवारी तिला विचारून लिहून घ्या.