एकच पुस्तक पुन्हापुन्हा वाचणारा मुलगा

मुले जादूच्या कादंबऱ्यांत फार रमली तर त्यांचा वास्तवाशी संबंध सुटेल का, ही शंका आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे पालक नेहमी घेऊन येतात. पाचवीतल्या एका मुलाच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आईची काळजी मात्र याहून नेमकी होती. इंग्रजीत 1997 साली आलेल्या 'हॅरी पॉटर' मालिकेतील पहिल्या पुस्तकाची मराठी प्रत तो पुन्हापुन्हा वाचत होता आणि पुढचे भाग आणून दिले तरी उघडत नव्हता. वडील जाऊन अजून वर्ष झाले नव्हते. "मॅडम, तो त्यांचं नावसुद्धा काढत नाही, नुसता ते पुस्तक घेऊन बसतो," असे त्या म्हणाल्या.

मी पुस्तक सोबत आणायला सांगितले. टेबलावर ठेवताच ते आपसूक एका प्रकरणापाशी उघडले, इतकी तिथली शिवण सैल झाली होती. पोरक्या हॅरीला एका आरशात आपले आईवडील दिसतात, तो रात्री उठून तिथे जाऊन बसू लागतो, आणि अखेर मुख्याध्यापक आरसा दुसरीकडे हलवणार असल्याचे सांगून तो पुन्हा शोधू नकोस असे त्याला समजावतात. वडिलांचा विषय न काढता, हॅरीला तिथून उठवत का नसेल, एवढेच मी विचारले.

"उठला की ते दिसणार नाहीत ना."

थोड्या वेळाने तो आपणहून बाबांच्या आजारपणाबद्दल बोलू लागला.

या वयाच्या मुलांना गोष्ट आणि वास्तव यांतला फरक सहसा चांगला कळतो, त्यामुळे 'हे सगळं खोटं असतं' असे सांगून काही साधत नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल बोलणे ज्यांना जड जाते, त्यांना गोष्टीतल्या मुलाच्या दुःखाबद्दल बोलता येते. झोप, जेवण, खेळ आणि मित्र सुटू लागले, तर वाचन कोणतेही असो, लक्ष घालावे लागते. हा मुलगा रोज संध्याकाळी क्रिकेट खेळत होता.

त्याला त्रास नको म्हणून आईने वडिलांचे फोटो कपाटात ठेवून दिले होते. ते बाहेर काढावेत आणि ते प्रकरण एकदा त्याच्यासोबत मोठ्याने वाचावे, असे मी सुचवले. "वाचताना मलाच रडू आलं तर?" असे त्यांनी विचारले, येऊ द्यावे, त्याच्यापुढे लपवू नये, असे मी सांगितले. वर्षश्राद्धाच्या सुमारास दोघांचाही त्रास वाढण्याची शक्यता असल्याने त्या आठवड्यात पुन्हा भेटायचे ठरले आहे.